खिरीतलं खोबरं

आषाढी पौर्णिमेला माझ्या घरी दोन पातेल्यांत खीर होते. एक मोठं पातेलं, नारळाच्या रसातलं, गूळ-वेलची घातलेलं. दुसरं अगदी लहान, त्यात तांदूळ, गूळ आणि दूध एवढंच. खोबऱ्याचा कीससुद्धा नाही. आमच्या मालवणच्या बाजूला बिनखोबऱ्याची खीर म्हणजे आजाऱ्याचं जेवण. भाचेसून नवीन होती तेव्हा तिनं विचारलं, "आत्यानू, ही वेगळी कोणासाठी?" मी म्हटलं, "तुझ्या सासूसाठी." ती बिचारी दचकली, कारण तिची सासू, म्हणजे माझी वहिनी, जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

यंदाही पौर्णिमा आली. परसात टाकळा उगवलाय, चुलीमागच्या भिंतीला ओल आलीय, वाळत घातलेल्या लुगड्यांना तो पावसाळी कुबट वास येतोय. मी गूळ चिरायला बसले आणि दर वर्षी होतं तेच झालं. हात खिरीत आणि मन त्या एका पावसाळ्यात. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षीचा पावसाळा तो. मी अठरा वर्षांची होते, फायनल पास झाले होते आणि मला सगळं कळत होतं. आता सत्तरी ओलांडल्यावर कळतंय की तेव्हा काहीच कळत नव्हतं.

त्या वर्षी वैशाखात आमच्या वाडीनं दीक्षा घेतली. ज्यांनी ही वाट दाखवली ते नागपूरच्या दीक्षेनंतर दोन महिन्यांतच गेले होते. त्या दुःखाच्या भरात आणि हट्टानं वाडी एका दिवसात उभी राहिली. घरोघरचे देव फडक्यात बांधून कर्लीच्या खाडीवर नेले. आमच्या घरचे चांदीचे दोन टाक आणि एक पितळी मुखवटा होता. माझे बाबा लष्करातून पेन्शन घेऊन आलेले, ताठ माणूस. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून देव सोडले. सोडल्यावर त्यांचे हात आपसूक जोडले गेले, आणि लक्षात येताच त्यांनी ते झटकन खाली घेतले. मी काठावरून पाहिलं आणि मला बाबांचा राग आला. असल्या गोष्टींचा मला तेव्हा फार लवकर राग यायचा.

राग यायला कारणही होतं, ते नाही म्हणायचं नाही. गावच्या देवळात आमची जागा पायरीच्या खाली, दगडी दीपमाळेपलीकडे. गुरव आमच्या हातातून नारळ घ्यायचा नाही. आम्ही तो दगडावर ठेवायचा, त्यानं त्यावर पाणी शिंपडायचं आणि मग उचलायचा. मी लहानपणी विचारलं होतं, "नारळाक काय झाला?" आणि बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. तेव्हा त्या देवांना खाडी दाखवली याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही, एक दिवसही नाही. आज मी जे लिहितेय ते त्याबद्दल नाही.

दीक्षा झाली खरी, पण पुढं करायचं काय हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. मुंबईहून एक गुरुजी चार दिवस आले, त्रिशरण-पंचशील शिकवून गेले. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जायचं. जीव मारायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, वाईट वागायचं नाही, खोटं बोलायचं नाही, दारू प्यायची नाही. पहिल्याच शीलावर गाडी अडली. शेजारचे भिवाकाका उठले. "गुरुजी, मासळेचा काय?" गुरुजी म्हणाले, हिंसा नको. भिवाकाका म्हणाले, "बांगडो मारता तो होडयेवरचो तांडेल. आमच्याकडे येता तेवा तो मेलेलोच आसता. मगे शील कोणाचा मोडला?" सगळी वाडी हसली, गुरुजीही हसले, आणि संध्याकाळी त्यांनी बांगड्याचं कालवण बोटं चाटून खाल्लं. वाडीच्या टोकाला पिंपळ होता. त्यावर मुंजा आहे म्हणून तिन्हीसांजेला तिकडं जायची कोणाची छाती नव्हती. गुरुजींनी सांगितलं की बुद्धाला ज्ञान झालं ते याच झाडाखाली. त्यावरही भिवाकाकांचा प्रश्न तयार होता, "तां खरा, पण मुंज्याक ह्या कोण सांगतलो?"

जाताना गुरुजी एक पातळशी पुस्तिका देऊन गेले आणि वर्षावासाबद्दल सांगून गेले. बुद्धाच्या काळी भिक्खू गावोगाव फिरत, पण पावसात एका जागी थांबत. का, तर चालताना कोवळी रोपं आणि ओल्या मातीतले जीव पायाखाली चिरडू नयेत म्हणून. आमच्या चिखलाच्या पाणंदीनं भिक्खू कुठला यायला! तेव्हा ठरलं की आषाढी पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी सगळ्यांनी भिवाकाकांच्या पडवीत जमायचं आणि सुमननं पुस्तक वाचायचं. सुमन म्हणजे मी. वाडीत वाचता येणारी बाई मी एकटीच. वरच्या वाड्यांतून चातुर्मासाची भजनं ऐकू यायची, श्रावणी सोमवारच्या कहाण्या चालायच्या, आणि खाली त्या पडवीत मी कंदिलापाशी बसून बुद्धाचं चरित्र वाचायचे. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडत होता.

काय माझा तोरा तेव्हा! वाचताना मी मालवणी सोडून पुस्तकी मराठीत बोलायचे. नंतर घरातही तसंच बोलायला लागले. कोणाच्या दंडात ताईत दिसला की तोडायला लावायचे. एका म्हातारीनं शिंक आल्यावर सवयीनं देवाचं नाव घेतलं तर तिला सगळ्यांदेखत टोकलं. बुद्ध जणू माझ्या घरचा आणि बाकीचे पाहुणे. एवढी शहाणी मी.

आणि वहिनी? तिचं नाव पार्वती. वाडीत बऱ्याच जणींनी नावं बदलली, हिनं बदललं नाही. "आवशीन ठेवलेला आसा, ऱ्हवांदे," म्हणाली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, बुटकी, हसताना तोंडावर पदर धरणारी. माझी आई लहानपणीच गेली, त्यामुळं लग्न होऊन आली तेव्हापासून माझी वेणी तीच घालायची. दादा तिचा नवरा, माझा एकुलता भाऊ. तो मुंबईहून आगबोटीवर कोळसा मारायच्या कामाला लागला होता. दीक्षेच्या आधीच्या वर्षी, चतुर्थी झाली आणि तो पहिल्यांदा लांबच्या सफरीवर निघाला. तेव्हा वहिनीनं देवळाच्या पायरीखाली उभं राहून नवस केला. गुरवानं दगडावरचा नारळ देवीच्या उंबऱ्याला लावून परत दगडावर ठेवला आणि सांगितलं, बांधून ठेव, घो सुखरूप इलो काय घेवन ये. तिनं तो तांबड्या फडक्यात बांधून माजघरातल्या वाशाला टांगला.

देव खाडीत गेले त्या दिवशी वाशावरचं गाठोडंही दिसेनासं झालं. मला वाटलं, तेही गेलं. बरं झालं म्हटलं.

त्या पावसाळ्यात दादाचं पत्र तीन महिने आलं नव्हतं. आधी दर महिन्याला यायचं, कुठल्या कुठल्या बंदराचा शिक्का मारलेलं, आणि ते मीच वाचून दाखवायचे. पोस्टमन इरलं घेऊन पाणंदीत दिसला की वहिनी तवा चुलीवर तसाच टाकून दारात यायची. तो मान हलवून पुढं जायचा. तोवर भाकरी करपलेली असायची.

आषाढी पौर्णिमेच्या सकाळी खिरीच्या तांदळासाठी मी भात काढायला कणगीत हात घातला, आणि हाताला गाठोडं लागलं. तांबडा फडका. आत नारळ. हलवला तर आत खडखडला, पाणी आटून गोटा झाला होता. भाताच्या तळाशी खोल पुरून ठेवला होता तिनं.

माझ्या डोक्यात काय आलं ते आज सांगतानासुद्धा जीभ जड होते. मला दुःख झालं नाही, दया आली नाही. मला आनंद झाला. सापडली, असं वाटलं. सगळ्या वाडीला एक धडा द्यायची संधी मिळाली, असं वाटलं. वहिनी नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी नारळ पायरीवर फोडला. आतला गोटा पिवळसर, तेलकट, घमघमीत. फडका चुलीत टाकला. खोबरं किसलं आणि सगळं खिरीत घातलं.

संध्याकाळी वंदना झाली. सगळ्यांबरोबर मीही म्हटलं की न दिलेलं घेणार नाही. पुस्तिकेतलं वाचलं. त्यात सुजातेच्या वाट्याला एकच ओळ होती की सुजाता नावाच्या बाईनं सिद्धार्थाला खीर दिली आणि ती खाऊन तो पिंपळाखाली बसला. मग खीर वाढली. वहिनीनं वाटी संपवली, बोट फिरवून चाटलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बरी झाली गो! खोबऱ्याक काय चव इली हा."

मी उभी राहिले. पुस्तकी मराठीत म्हणाले, "ही चव कशाची आहे, माहीत आहे? वहिनीनं नवसाचा नारळ कणगीत लपवून ठेवला होता. तो मी खिरीत घातला. तुम्ही सगळ्यांनी खाल्लात. कोणाला काही झालं का? नारळ म्हणजे नारळ."

दोघं-तिघं हसले. एकानं टाळी वाजवली. भिवाकाकांनी तोंडाशी नेलेली वाटी खाली ठेवली. वहिनी उठली, पडवीच्या कडेला गेली आणि पागोळीखाली हात धूत बसली. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होती. बाबा तिच्याकडं बघत होते. मला वाटलं, आता शाबासकी देतील. ते इतकंच म्हणाले, "तीन म्हयने पत्र नाय, ठावक आसा मां तुका? तूच वाचतंस मां ती पत्रां?"

मी घरी येऊन बाबांशी वाद घातला. देव मानणार नाही म्हणून दीक्षेला बावीस प्रतिज्ञा घेतल्या कशाला मग? एकाला सूट दिली की सगळे मागतील. शब्द माझे बरोबर होते. त्यातला एकही शब्द आजसुद्धा खोडून काढता येणार नाही, आणि तरी सगळं चूक होतं. मी तिच्याशी बोलले असते तर? वयनी, ह्या काय गो, असं नुसतं विचारलं असतं तर? तिच्याजवळ बसून विचारायला वेळ किती लागला असता? पण विचारायचं असतं हे मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं नेहमीसारखी माझी वेणी घातली. केस ओढले असते तरी मला बरं वाटलं असतं.

श्रावण गेला, भादवा गेला. वरच्या वाड्यांत चतुर्थीच्या आरत्या झाल्या, आमच्या पोरी लांबून फुगड्यांचा आवाज ऐकत बसल्या. पत्र आलं नाही. त्या दिवसांत मी एकटीच असले की आतून घाबरायचे. देव नाही हे मला पाठ होतं, पण दादा आला नाही तर वहिनी माझ्याकडं कशी बघेल हे काही कुठल्या पुस्तकात नव्हतं. आणि कार्तिकात, भात झोडपायला खळ्यात आणलेलं असताना, दादा स्वतःच आला. डोक्यावर ट्रंक, अंगानं वाळलेला, दाढी वाढलेली. बोटीवर आजारी पडला होता, परक्या बंदरातल्या इस्पितळात पाच महिने होता, पत्र लिहायला हात उचलत नव्हता. वहिनी खळ्यातच ढसाढसा रडली.

इथं तरी मी गप्प बसायचं! पण नाही. त्या रात्री पानं वाढताना मी तिला म्हटलंच, "बघितलंस? नारळ फुटलो, तरी दादा इलो मां?"

ती पेजेत डाव फिरवत होती. "व्हय. इले ते, बरा झाला," म्हणाली. "पण माझो शब्द फेडूचो ऱ्हवलो मां गो."

"म्हणजे? तू देवळात जातलं होतंस?"

"देवळात कित्याक जाव? प्रतिज्ञा मीयाव घेतलंय मां सगळ्यांवांगडा? ह्ये इले काय ह्येंच्या हातान तो खाडयेत सोडूचो होतो. बाबांनी देव सोडले थंयच. मगे देवीक दिलेलो शब्द पण फिटलो आसतो नि बुद्धाक दिलेलो पण."

मी म्हटलं, दुसरा नारळ सोड. ती माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू मी लहान मूल आहे. "बांधलेलो तो होतो. दुसरो कसो चालात?"

अक्षर न ओळखणाऱ्या बाईनं दोन्ही बाजूंनी खरं राहायची वाट शोधून काढली होती. आणि ती वाट मी किसून खिरीत घातली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिला मी आयुष्यभरासाठी खोटं पाडलं, आणि तेही पंचशील म्हटलं त्याच दिवशी.

त्या दिवसापासून वहिनीनं खोबरं सोडलं. जाहीर केलं नाही, रुसली नाही. मला कळायलाही महिना गेला. आमच्याकडं खोबरं सोडायचं म्हणजे काय, ते मालवणी माणसालाच कळेल. आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, मासळीला वाटप खोबऱ्याचं, सोलकढी खोबऱ्याच्या रसाची. वहिनी ते सगळं करायची. रोज पाट्यावर वाटप तीच वाटायची, आणि चव अशी की दादाचे मित्र मुद्दाम जेवायला यायचे. फक्त वाटप घालायच्या आधी ती दोन तुकड्या मासळी वेगळी काढायची. आमसूल, तिरफळं आणि मिरची घालून तेवढ्यावर जेवायची. मासळी नसली की पेज आणि खारा बांगडा. मी त्याच चुलीसमोर बसून वाटीभर कालवण ओरपायचे. मी लग्न केलं नाही, शाळेत मास्तरीण झाले आणि त्याच घरात राहिले, तेव्हा हे रोज दोन वेळा बघायची सोय होती.

कितीदा म्हणाले तिला, पुरे कर गो. "माका आवडत नाय आता," एवढंच उत्तर. दादाला तिनं कारण कधी सांगितलं नाही. मुलगा झाला त्याला तिनं स्वतः पंचशील शिकवलं. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी पडवीत यायची. खीर मात्र घ्यायची नाही. मग मीच तिच्यासाठी बिनखोबऱ्याची वेगळी करायला लागले. तेवढी ती खायची, माझा मान राखायला.

असे दहा-अकरा पावसाळे गेले. माझा आवाज खाली आला होता, पोरांना शिकवून शिकवून थोडी अक्कलही आली होती. कुडाळच्या बाजारात जुन्या वह्या-पुस्तकांच्या ढिगात मला बुद्धाच्या आयुष्यावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. वर्षावासाला तेच वाचायचं ठरवलं. आधी चाळून ठेवायची सवय मला नव्हती. पौर्णिमेच्या संध्याकाळी पान उघडलं, ते सुजातेचं निघालं.

ती एका वाक्याची सुजाता इथं चांगली चार पानं होती. तिनं झाडाच्या देवाला नवस केला होता की चांगलं घर मिळू दे, मुलगा होऊ दे, तुला खीर वाहीन. नवस फळला. तिनं खीर केली आणि झाडाकडं गेली. खाली एक हडकलेला माणूस बसला होता. तिला वाटलं, झाडातला देवच बाहेर येऊन बसलाय. तिनं त्याला नवसाची खीर दिली आणि सांगितलं, माझा नवस फळला, तसं तुझंही मनातलं पुरं होवो. आणि त्यानं ती घेतली. मी देव नाही, हे खोटं आहे, असं काही तो बोलला नाही. खीर खाल्ली, आणि मग जाऊन पिंपळाखाली बसला.

मी पान उलटायला थांबले. मागून वहिनी बोलली. वाचनात ती कधी बोलत नसे.

"सुमन, नवसाची खीर ती, ह्या तेका ठावक होता?"

"होता. तिनाच सांगल्यान."

"मगे? कायच बोलूक नाय तो तिका?"

"नाय."

"खाल्ल्यान?"

"सगळी खाल्ल्यान, वयनी."

पुढचं मला वाचता आलं नाही. भिवाकाकांच्या नातवानं पुस्तक घेतलं आणि अडखळत पान पुरं केलं. घरी परतताना आम्ही दोघी एका छत्रीखाली होतो. मी रडत होते, आणि ते मी लपवलं नाही. म्हटलं, "वयनी, माका माफ कर गो. मी मोठो गुन्हो केलंय तुझो. आता तरी खोबरा खा."

अंगणात पोचल्यावर पागोळीखाली उभी राहून तिनं पायाचा चिखल काढला, एक पाय, मग दुसरा. मग माझ्याकडं न बघता, रागानं नाही, नुसतं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "इतकी वर्सा माका वाटत होता, तो बुद्ध तुझ्यासारखोच आसतलो."

आणि पदराला हात पुसत ती आत पानं घ्यायला गेली.